बारवेच्या पायऱ्या आणि थर्माकोलची विहीर



मागच्या उन्हाळ्यात एका आजारी व्यक्तीला भेटायला परभणी जिल्ह्यातील सेलूला गेलो होतो. परतीच्या गाडीला बराच अवकाश होता. त्या घरातील थोरला मुलगा म्हणाला, "फादर, वालूरची बारव बघितली का? जवळच आहे, चला." ऊन उतरल्यावर आम्ही मोटारसायकलने निघालो.

वालूर हे सेलू तालुक्यातील जुने गाव आहे. गावाच्या नावाचा संबंध वाल्मिकी ऋषींशी जोडला जातो. आपल्याकडच्या बहुतेक बारवांना पायऱ्या असतात, त्या एका बाजूने किंवा चारही बाजूंनी सरळ पाण्याकडे उतरतात. वालूरच्या या बारवेत पायऱ्या शंखाच्या आतल्या वळणासारख्या गोल फिरत खाली जातात. अशी चक्राकार बारव फार दुर्मीळ. ती कित्येक वर्षे माती, गाळ आणि कचऱ्याने भरलेली होती. २०२१ च्या सुमारास गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. महाराष्ट्रातील बारवांच्या नोंदी करत फिरणारे रोहन काळे आणि त्यांच्या 'महाराष्ट्र बारव मोहिमे'मुळे अशा कामांना त्या काळात चालना मिळाली होती. पुढे २०२२ च्या अखेरीस डाक विभागाने राज्यातील आठ बारवांची चित्रपोस्टकार्डे काढली, त्यांत वालूरला जागा मिळाली. ज्या खड्ड्यात लोक कचरा टाकत होते, तो खड्डा पोस्टकार्डावर गेला.

काठावर उभा असताना मला आनंद झाला, पण त्याबरोबर थोडी शरमही वाटली. ती शरम कसली होती हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेचा व्यवस्थापक होतो. तिथे विज्ञान प्रदर्शन भरले होते. विषय होता जलसंवर्धन. सातवीच्या मुलांनी थर्माकोलची एक सुंदर विहीर केली होती. निळा जिलेटीन कागद म्हणजे पाणी, काडेपेटीच्या काड्यांचा रहाट, हिरव्या रंगाच्या भुशाचे शेत, आणि वर चमकीच्या अक्षरांत 'पाणी वाचवा'. मी त्या मुलांना पहिले बक्षीस दिले आणि दहा मिनिटे भाषणही केले. भाषण चालू असताना मागच्या बाजूने पाणी पडल्याचा आवाज येत होता. शाळेच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. ती रोज सकाळी वाहायची. मोटर चालू करणारा शिपाई मधल्या वेळात घंटा द्यायला आणि चहा आणायला जायचा, तोवर वीसेक मिनिटे पाणी भिंतीवरून गटारात जायचे. तीन वर्षे मी तो आवाज ऐकत होतो. मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. बक्षीस घेणाऱ्या मुलांनाही तो आवाज ऐकू येत होताच. त्यांनी तो विषय काढला नाही, कारण टाकी हा अभ्यासक्रमातील भाग नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. पर्यावरण ही शिकवता येण्याजोगी गोष्ट आहे का?

प्रश्न ऐकायला विचित्र वाटेल, कारण आपण ती शिकवतोच आहोत. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला आणि पर्यावरण हा शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा विषय व्हावा असे सांगितले. चित्रपटगृहांनी पर्यावरणाच्या पाट्या पडद्यावर दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शननेही वेळ द्यावा, असेही त्यात होते. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा आदेश देऊन राज्यांना अभ्यासक्रम लागू करायला लावला. आपल्या राज्यात लहान मुलांना 'परिसर अभ्यास' आहे, मोठ्यांना पर्यावरण शिक्षण आहे, अलीकडे 'जलसुरक्षा' नावाचा विषयही आला आहे. पुस्तके वाईट नाहीत, काही तर चांगलीच आहेत. पण त्या विषयाला बहुतेक ठिकाणी श्रेणी असते, म्हणजे नापास होण्याची भीती नसते. प्रकल्पाची वही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते. शिक्षकांना मी दोष देत नाही. साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे आणि दहावीचा निकाल यांच्यामध्ये त्या विषयाच्या वाट्याला जे उरते ते उरते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सॉक्रेटिसचे एक मत आमच्या वर्गात फार वादाचे ठरले होते. त्याचे म्हणणे असे की जाणूनबुजून कोणीही वाईट वागत नाही. मनुष्य चुकतो तो अज्ञानामुळे. हे खरे असेल तर काम सोपे आहे, माहिती द्या आणि माणसे सुधारतील. ॲरिस्टॉटलला हे पटले नव्हते. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागता वागता न्यायी होतो, असे त्याने मांडले. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी एक बारीक फरक दाखवला, तो मला आजवर उपयोगी पडत आला आहे. योग्य निर्णय दोन रीतींनी घेता येतो असे ते सांगतात. एक, ज्याने नीतिशास्त्राचा अभ्यास केला आहे तो विचार करून शुद्ध आचरण कशाला म्हणावे हे सांगू शकतो. दुसरा, ज्याच्या अंगी तो गुण मुरला आहे, त्याला ते आतूनच कळते. त्याला पुस्तक लागत नाही, कारण ती गोष्ट त्याच्या स्वभावाची झालेली असते.

माझ्या बक्षीसपात्र मुलांकडे पहिले ज्ञान होते. माझ्याकडेही तेच होते. दुसरे ज्ञान कोणाकडे होते याचा विचार करू लागलो की मला माझी आजी आठवते.

आजी जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावची. तिला सही करता येत नव्हती. गावाला बारव होती. आजी सांगायची, दसऱ्याला पाणी चौथ्या पायरीवर असले तर उन्हाळा निभतो. संक्रांतीलाच नववी पायरी उघडी पडली तर शिमग्यानंतर ओढ्यात झरे उकरावे लागतात. लग्न कोणत्या महिन्यात धरायचे, जनावर ठेवायचे की बाजार दाखवायचा, हे त्या पायऱ्यांवर ठरे. आता विचार केला की कळते, बारव म्हणजे एक मोठी मोजपट्टीच होती. पाणी जितके खाली जाई तितके माणसाला उतरावे लागे आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन तितकेच चढावे लागे. उपसा जास्त झाला हे गुडघ्यांना समजत असे. आपल्याकडच्या जमिनीत वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि भेगाळलेला खडक, आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण असतो. पावसाचे पाणी बहुतांशी त्या मुरमात आणि भेगांत साठते. बारव त्याच थरात उतरलेली असे. त्यामुळे त्या वर्षीचा पाऊस आणि त्या वर्षीचे पाणी यांचा संबंध डोळ्यांना दिसत असे.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की फादर आता जुन्या काळाचे गोडवे गाणार. तसे करता येत नाही, कारण आजीची गोष्ट इथे संपत नाही.

आजीला त्या बारवेच्या सगळ्या पायऱ्या माहीत होत्या, पण त्यांतल्या एकाही पायरीवर तिने कधी पाय ठेवला नव्हता. आमच्या घराला ती मुभा नव्हती. ती काठापासून दूर घागर ठेवून बसायची, आणि खालून येणाऱ्या एखादीला दया आली तर ती वरून पाणी ओतायची. कधी दुपार व्हायची. पायऱ्यांचा तो सगळा हिशेब आजीने वाट बघता बघता, लांबून केला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले, त्यानंतरही पुष्कळ वर्षे आमच्या गावात हेच चालू होते. पुढे ती बारव पडझडीने बुजली. सगळे हळहळले. आजी हळहळली नाही.

बारवा स्वच्छ करणाऱ्या तरुणांविषयी मला मनापासून आदर आहे. महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावतात ते दृश्यही सुंदर असते. पण मुलांना बारव दाखवायला नेताना ती कोणी बांधली एवढेच सांगून भागणार नाही. तिच्यात कोण उतरू शकत नव्हते हेही त्याच तासाला सांगितले पाहिजे. निसर्गाचे वाचन आणि माणसाचे वाचन वेगळे करता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते मला आजीमुळे लवकर समजले.

बारवांची आणखी एक बाजू आहे, जी आजच्या तिशीतल्या वाचकांनी बहुधा ऐकलेलीही नसेल. ती म्हणजे नारू.

आजीच्या भावाच्या पोटरीवर एक लांबट व्रण होता. नारूचा. पायाला फोड यायचा, तो फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणात. ऐन पेरणीत घरचा कर्ता पडून राहिला की घर बसले. हा जंत पसरायचा तो बारवांतून. फोड आलेला माणूस पाण्यात पाय बुडवी, जंताची पिल्ले पाण्यात पडत, तिथल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलपिसवांच्या पोटात जात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभर वाढत. म्हणजे ज्या पायऱ्यांनी पाण्याचे ज्ञान दिले, त्याच पायऱ्यांनी रोगही दिला. अनेक बारवांच्या पायऱ्या बंद करून वर कठडे आणि रहाट बसवले गेले, शेजारी हापसे आले, ते उगाच नव्हे. ज्यांनी त्या पायऱ्या बंद केल्या ते वारशाचे शत्रू नव्हते.

भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. आता यातली खरी गोष्ट अशी की नारूवर लस नव्हती आणि आजही नाही. त्याला मारणारे खात्रीचे औषधही नव्हते. पाण्यात औषध टाकले, हापसे बसवले, हे खरे, पण त्यांच्याइतकेच काम शिकवण्याने केले. पाणी दुहेरी कापडाने गाळून घ्या. फोड आलेला पाय पाण्यात घालू नका. आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन हे सांगत, भिंगातून पाण्यातला तो किडा दाखवत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन कापड फाटले का ते पाहत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी एका पिढीच्या आत एक रोग देशातून हाकलून दिला.

म्हणून माझ्या प्रश्नाचे उत्तर मला होकारार्थी द्यावे लागते. पर्यावरण शिकवता येते. एकदा शिकवून झालेले आहे आणि त्याचा पुरावा आपल्या आजी-आजोबांच्या पायांवर होता.

मग नारूला जे जमले ते पाण्याच्या उपशाला का जमत नाही? शिकवणारे कमी पडतात हे एक कारण आहेच. नारूच्या वेळी शिकवलेली गोष्ट त्याच संध्याकाळी हातांनी करायची होती, आणि केली की नाही हे पाहायला कोणीतरी परत येत होते. आमच्या थर्माकोलच्या विहिरीकडे प्रदर्शन संपल्यावर कोणी पाहिलेही नाही. पण मोठे कारण वेगळे आहे आणि ते बोलायला अवघड आहे. नारूमुळे कोणाचाच फायदा होत नव्हता. गावातील सर्वांत मोठ्या जमीनदारालाही नारू नको होता. भूजलाचे तसे नाही. माझी बोअर शेजाऱ्यापेक्षा शंभर फूट खोल गेली तर शेजाऱ्याची कोरडी पडते आणि माझा ऊस उभा राहतो. इथे अज्ञानाचा लाभ घेणारे लोक आहेत, आणि ते लाभार्थी कोणी परके नसून आपल्याच बाकावर बसणारे आहेत. सॉक्रेटिस इथे तोकडा पडतो. हे अज्ञान सोयीचे आहे म्हणून टिकवून ठेवलेले आहे.

बोअरने हे टिकवणे फार सोपे केले. १९७२ च्या दुष्काळानंतर खडक फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. तहानलेल्यांना त्या काळी पाणी मिळाले, म्हणून त्या यंत्रांना शिव्या देणे कृतघ्नपणा होईल. तरी एक गोष्ट घडली. सहा इंची भोकात कोणाला काही दिसत नाही. पाणी शंभर फुटांवर आहे की तीनशे, बटण दाबणाऱ्याच्या गुडघ्यांना काही कळत नाही. खोल पाषाणाच्या फटींतील पाणी वर येते ते कोणत्या सालच्या पावसाचे, हेही दिसत नाही. मोटरने एकदा हवा ओढली की मगच समजते, आणि तेव्हा उपाय म्हणून अजून खोल जायचे असते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा, खोल जाण्यावर निर्बंध घातलेले आहेत. हे आपल्यापैकी किती शेतकऱ्यांना माहीत आहे? आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्यापैकी किती जणांनी बोअर घेताना ते आठवले? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. लातूर हे शिक्षणासाठी महाराष्ट्रभर नावाजलेले शहर आहे, ही गोष्ट मला तेव्हा सारखी डाचत होती.

उत्पत्तीच्या पुस्तकातील सव्विसाव्या अध्यायात इसहाकाची एक हकिगत आहे, ती घरी काढून वाचावी. अब्राहामाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना दिली. वालूरच्या काठावर मला हेच आठवले होते. मात्र कथा तिथे थांबत नाही. त्याच्या माणसांना आणखी एक झरा लागला, तर स्थानिक गुराखी पाणी आमचे म्हणून भांडायला आले. दुसरी विहीर खणली, तिच्यावरूनही तंटा झाला. तिसऱ्या विहिरीला मात्र कोणी भांडले नाही आणि त्याने तिचे नाव ठेवले ते मोकळ्या, ऐसपैस जागेच्या अर्थाचे. गाळ काढणे हे कामाचे पहिले पान आहे. भांडण त्यानंतर येते, आणि ते टाळून शिक्षण पुरे होत नाही.

आपण मात्र ते भांडण मुलांच्या अंगावर ढकलून मोकळे होतो, असे माझे मत झाले आहे. दात घासताना नळ बंद ठेवा, हे वाक्य आपण दुसरीच्या मुलाला शिकवतो. वाक्य बरोबर आहे. पण ज्या घरात तो मुलगा दात घासतो त्या घरच्या शेतात रात्रभर मोटर चालू असते, याबद्दल त्याने काही विचारावे अशी आपली इच्छा नसते. त्याने विचारलेच तर आपण म्हणतो, तू अभ्यास कर. ही मुलांची फसवणूक आहे. कर्ज बापाने काढायचे आणि काटकसरीचे धडे मुलाने पाठ करायचे. १९७७ मध्ये तिबिलिसी येथे युनेस्कोने पर्यावरण शिक्षणावर जगभरच्या देशांची परिषद घेतली होती. तेव्हाच्या जाहीरनाम्यात माहिती आणि जाणीव यांच्या पुढे जाऊन कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि हे शिक्षण शाळेपुरते नसून सर्व वयांच्या लोकांसाठी असावे असे म्हटले आहे. आपण त्यातली माहिती तेवढी उचलली, कारण तीच बिनधोक होती.

बिनधोक नसलेली वाट कशी असते हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचे ठरवले. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तिथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची हे त्यावर ठरते. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येवर दिला, भूमिहीनांचाही हक्क धरला आणि उसाला मनाई केली. आजीला ही व्यवस्था आवडली असती. या ठिकाणची मुले थर्माकोलची विहीर करत असतील की नाही ते सोडा. घरात जेवताना मोठी माणसे पाण्याच्या वाट्यावरून काय बोलतात हे ती रोज ऐकतात, आणि ज्याला संत थॉमस अंगी मुरलेले ज्ञान म्हणतात ते मुलांत अशाच बोलण्यातून उतरते. 'लाउदातो सी'च्या सहाव्या अध्यायातही हेच सांगितले आहे की कायदे आणि माहिती पुरेशी पडत नाही, रोजच्या लहान कृतींतून सवयी लागाव्या लागतात.

इथे कोणी म्हणेल, एका धर्मग्रामाने काय होणार? जायकवाडीचे पाणी कुठे सोडायचे हे आपण ठरवत नाही, साखर कारखाने आपण काढत नाही. हे खरे आहे. आपल्या पंचवीस विहिरींनी मराठवाड्याचा दुष्काळ हटणार नाही. मी फक्त एवढेच म्हणतो की जे मोजायचे आपल्या हातात आहे तेही आपण मोजत नाही, आणि न मोजण्याचे कारण आपल्याला मनातून माहीत आहे.

म्हणून धर्मग्राम समितीपुढे मी एक साधी सूचना ठेवली होती. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा ठरावीक विहिरींची पातळी मोजते. तेच आपल्या मुलांनी करावे. एक दोर, त्याला दर फुटावर गाठ, टोकाला दगड. धर्मशिक्षणाच्या वर्गातील सातवी ते नववीची मुले ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या लोकांच्या विहिरींत तो सोडतील आणि आकडे चर्चच्या दाराशी असलेल्या फळ्यावर लिहितील. ज्या विहिरीवर कोणाला येऊ देत नाहीत अशी एखादी विहीर सापडली, तर तेही लिहितील.

समितीत शांतता पसरली. मग एक शेतकरी बंधू, जे सहसा बोलत नाहीत, म्हणाले, "फादर, विहिरी मोजू. पण तुमच्या बंगल्याच्या बोअरचं काय? ती किती फूट हाय?"

ती ३४० फूट आहे. माझ्या आधीच्या काळात घेतलेली, पण पाणी मी पितो, बागेला मी घालतो आणि मागच्या मे महिन्यात शेजारचा हापसा बंद पडला तेव्हा आमची मोटर चालू होती. मी तसे सांगितले. त्यावर काही जण हसले, काही हसले नाहीत. बरीच चर्चा होऊन असे ठरले की फळ्यावर पहिली ओळ आमच्या बोअरची राहील. बोअरमध्ये दोर सोडता येत नाही, म्हणून मोटर रोज किती वेळ चालली ते तिथे लिहायचे, आणि ते मी लिहायचे नाही, मुलांनी मीटर पाहून लिहायचे. बागेचे पाणी बंद करून तेवढ्यासाठी एक नळ कुंपणाबाहेर काढावा, अशीही सूचना आली आहे. तिच्यावर पुढच्या बैठकीत निर्णय होईल. मला तो नळ हवा आहे, पण सुरक्षिततेचे काय असे दोघा-तिघांचे म्हणणे आहे आणि त्यांचे ऐकून घ्यावे लागेल.

गाठी मारलेला दोर सॅक्रिस्टीच्या कपाटात ठेवला आहे. ज्यांच्या शेतात विहीर आहे आणि मुलांना येऊ देण्यास ज्यांची हरकत नाही, त्यांनी पवित्र मिस्सानंतर आपली नावे द्यावीत. कठडा पडलेल्या विहिरींची नावे देऊ नयेत, आधी कठडा बांधून घ्यावा.

आपला,
धर्मगुरू